जुनी गाडी विकताय? किल्ली देण्याआधी कागद उरका

नाशिकमध्ये जुनी कार विकायला फार खटपट लागत नाही. सकाळी जाहिरात टाकली की दुपारपासून सिडको, सातपूर, निफाड, सिन्नरकडून फोन यायला लागतात. कुणी मेकॅनिक घेऊन येतो, कुणी मेव्हण्याला. बोनेट उघडलं जातं, घासाघीस होते, पैसे खात्यात येतात, गाडी जाते. सगळं एका दुपारीत. ती गाडी नव्या माणसाच्या नावावर चढायला मात्र काही आठवडे जातात, आणि कुणी पाठपुरावाच केला नाही तर वर्षंही. त्या मधल्या काळात गाडी उभी असते त्याच्या दारात आणि नोंद असते तुमच्या नावाची. कागदपत्रांच्या बाबतीत जे काही बिघडतं ते बहुतेक याच काळात, म्हणून हा काळ जितका आखूड करता येईल तितका करायचा आणि उरलेल्या दिवसांचा लेखी पुरावा जवळ ठेवायचा.

घाबरवण्यासाठी नाही, पण कायदा काय म्हणतो ते आधी बघू. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे गाडीचा मालक म्हणजे आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच ठणकावलं. त्या प्रकरणातली कार २००७ मध्ये विकली गेली होती, पुढे आणखी हात बदलले होते, अपघात झाला २००९ मध्ये. तरी नुकसानभरपाईची जबाबदारी आली ती नोंदीत नाव असलेल्या पहिल्या मालकावर. ‘मी तर केव्हाच विकली’ हे खरं होतं, पण पुरेसं नव्हतं.

गिऱ्हाईक येण्याआधीची तयारी

आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, हातात घ्या आणि ती आधार कार्डाशेजारी ठेवून नाव अक्षर-अक्षर जुळवा. आपल्याकडे नावांचा घोळ ठरलेला. आरसीवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, आधारवर पूर्ण नाव. लग्नाआधी घेतलेली गाडी माहेरच्या नावावर, बाकी सगळी कागदपत्रं सासरच्या. हे गिऱ्हाईक बसलेलं असताना कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

त्यानंतर आरटीओच्या नोंदीत तुमचा कोणता मोबाईल नंबर आहे ते पाहा. हस्तांतरणाचा अर्ज परिवहन संकेतस्थळावर भरताना गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच अंक टाकले की ओटीपी त्या नंबरवर जातो. दहा वर्षांपूर्वी शोरूमवाल्याने स्वतःचाच नंबर टाकून दिलेल्या गाड्या भरपूर आहेत. तसं असेल तर नंबर आधी बदलून घ्या.

एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विमा, पीयूसी, फिटनेसची मुदत आणि बोजा, म्हणजे कर्जासाठी आरसीवर चढलेली बँकेची नोंद, तपासा. वाहतूक पोलिसांची ई-चलनं महाट्रॅफिक ॲपवर दिसतात. थकलेला दंड भरून टाका आणि पावती ठेवा. विक्रीच्या दिवशी तेवढाच मुद्दा धरून समोरचा पाच हजार कमी करायला बसतो.

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंद झालेली गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवून घ्यावी लागेल. ती नसेल तर हस्तांतरण, बोजा उतरवणं ही कामं आरटीओत अडतात. बाहेरून बसवलेला सीएनजी किट आरसीवर चढलेला नसेल तर तेही आत्ताच करा. रंग बदलला असेल तरी तेच.

गाडी वडिलांच्या नावावर असेल आणि वडील हयात नसतील, तर ती थेट विकता येत नाही. आधी फॉर्म ३१ भरून, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती जोडून ती एका वारसाच्या नावावर करायची, मग विकायची. ‘वडिलांची जुनी सही मारून टाकू, कोण बघतंय’ असा सल्ला देणारा कुणीतरी भेटतोच. ती खोटी सही आहे, आणि पुढे काही झालं तर सल्ला देणारा साक्षीलाही येणार नाही.

बँकेचा बोजा

आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव असेल तर आधी ते काढायचं. कर्ज फिटलं म्हणजे बोजा आपोआप गेला असं होत नाही. बँकेकडून ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ दोन प्रतींत घ्यायचा आणि आरटीओत अर्ज करायचा. या पत्राला मुदत असते, साधारण तीन महिन्यांची. चार वर्षं कपाटात पडलेलं पत्र नव्याने घ्यावं लागतं. बोजा उतरवणं आणि नाव बदलणं यांचे अर्ज लागोपाठ करता येतात, त्यामुळे दोनदा वेळ घालवायची गरज नाही.

कर्ज अजून चालू असेल तर एकच सरळ रस्ता आहे. खरेदीदाराला घेऊन शाखेत जा, कर्ज बंद करायची नेमकी रक्कम लेखी घ्या, आणि त्याने तेवढे पैसे थेट कर्जखात्यात भरावेत. बाकीची रक्कम तुमच्या खात्यात. बँकेचं पत्र हाती येईपर्यंत गाडी तुमच्याच पार्किंगमध्ये राहू द्या.

आता तो दुसरा प्रस्ताव, जो प्रत्येक विकणाऱ्याला एकदा तरी येतो: “भाऊ, अर्धे आत्ता देतो, बाकीचे हप्ते मी भरत जाईन, कर्ज तुमच्याच नावावर राहू द्या.” माणूस ओळखीचा असतो, कधी नात्यातलाही, म्हणून नाही म्हणणं जड जातं. तरी नाही म्हणा. हप्ता चुकला की फोन तुम्हाला, सिबिल तुमचं खराब, आणि बँकेला न विचारता तारण गाडी दुसऱ्याला दिली म्हणून कराराचा भंगही तुमचाच. गाडी त्याने पुढे तिसऱ्याला दिली तर ती शोधायचं कामसुद्धा तुमच्याकडेच येतं.

समोरचा नक्की कोण आहे?

खरेदीदार म्हणून आलेला माणूस स्वतःसाठी घेतोय की पुढे विकायला, हे पहिल्या दहा मिनिटांत विचारून घ्या. पुढे विकायला घेणं हा गुन्हा नाही, त्या धंद्यावर शहरात कित्येक घरं चालतात. फक्त त्याचे कागद वेगळे आहेत.

अशा व्यापाऱ्याची सवय अशी: गाडी घ्यायची, तुमच्याकडून फॉर्म २९ आणि ३० या हस्तांतरणाच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या घ्यायच्या, खरेदीदाराची जागा आणि तारीख रिकामी ठेवायची आणि खरं गिऱ्हाईक मिळालं की तिथे त्याचं नाव भरायचं. यात त्याचा एक हस्तांतरणाचा खर्च वाचतो. तुमच्या वाट्याला काय येतं? गाडी दोन महिने कुठे फिरते, कोण चालवतो, याचा तुम्हाला पत्ता नसतो आणि नाव तुमचंच. सिल्व्हासा-दमणकडची स्वस्त दारू चोरून आणणाऱ्या गाड्या या जिल्ह्यात नेहमी पकडल्या जातात. गाडी पकडली की नंबरवरून पहिला फोन नोंदीतल्या मालकाला जातो.

यावर आता कायद्यातच तोड आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरने परिवहन खात्याकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यायचं असतं. अशा अधिकृत डीलरला गाडी दिली की फॉर्म २९ सी ऑनलाइन भरून ती त्याच्या ताब्यात गेल्याची नोंद होते आणि तिथून पुढे कायद्याच्या दृष्टीने मालक म्हणून जबाबदारी त्याची. म्हणून डीलरला थेट विचारा: “तुमचं अधिकृत प्रमाणपत्र आहे का? २९ सी भरणार का?” ‘हो’ म्हणाला तर उत्तम. ‘ते काही लागत नाही हो’ म्हणाला तर गाडी आधी त्याच्या स्वतःच्या नावावर करायची अट घाला, किंवा दुसरं गिऱ्हाईक बघा. भावात दहा हजार कमी मिळाले तरी मी सरळ नावावर करून घेणाऱ्यालाच गाडी देईन.

खरेदीदाराचं आधार, पॅन आणि राहत्या पत्त्याचा पुरावा मूळ प्रतीवरून पाहा. चाचणीसाठी गाडी देताना त्याचा वाहन परवाना बघा आणि स्वतः शेजारी बसा. तुमच्या आधारची प्रत देताना तिच्यावर आडवं लिहा: “फक्त एमएच १५ … या गाडीच्या हस्तांतरणासाठी”, खाली तारीख आणि सही. अक्षरं फोटोवरून आणि नंबरवरून जातील अशी लिहा, कोपऱ्यात नको. कोपरा कापता येतो.

फॉर्म २९ आणि ३०

फॉर्म २९ म्हणजे ‘मी गाडी अमुक माणसाला दिली’ अशी विकणाऱ्याने आरटीओला दिलेली सूचना. तो दोन प्रतींत असतो. फॉर्म ३० हा हस्तांतरणाचा अर्ज, त्यावर दोघांच्या सह्या लागतात. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५० सांगतं. म्हणजे ‘नावावर करणं हे घेणाऱ्याचं काम’ हा समज अर्धाच खरा आहे. सूचना देणं तुमचं काम आहे, आणि त्याची पोच ठेवणं तुमच्या फायद्याचं.

फॉर्म टेबलावर ठेवून, दोघं समोरासमोर बसून, सगळे रकाने भरूनच सही करा: खरेदीदाराचं पूर्ण नाव, पत्ता, तारीख. सही आरटीओच्या नोंदीत आहे तशीच. पूर्वी मराठीत केली असेल तर आता इंग्रजीत नको. फॉर्मवर चेसिस नंबरचा छापही लागतो. चेसिसवर कोरलेला नंबर कापडाने पुसायचा, त्यावर पातळ कागद किंवा पारदर्शक चिकटपट्टी घट्ट दाबायची आणि मऊ पेन्सिल आडवी धरून घासायची, की अंक उमटतात. काही गाड्यांत हा नंबर पुढच्या सीटखाली गालिच्याच्या कापलेल्या तुकड्याआड असतो, काहींत इंजिनामागच्या पत्र्यावर. दोन-तीन छाप जास्तीचे काढा, एक तरी पुसट येतोच. आणि उमटलेला नंबर आरसीवरच्या नंबराशी तिथेच जुळवून बघा.

सही झालेल्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. एजंटमार्फत करणार असाल तरी हे सोडू नका. पेठ रोडवरच्या आरटीओचं काम एजंटशिवायही होतं. अर्ज आणि फी ऑनलाइन भरली जाते, सरकारी फी काही शे रुपयांत असते, बाकी जे घेतलं जातं तो मेहनताना. वेळ नसेल तर एजंट करा, त्यात कमीपणा नाही. पण अर्ज क्रमांक त्याच दिवशी मागून घ्या, कारण त्या क्रमांकावर अर्ज कुठवर आला ते घरबसल्या दिसतं. आणि ओटीपी फोनवर सांगायचा नाही. ओटीपी म्हणजे तुमची सहीच आहे. अर्जात कुणाचं नाव भरलंय ते डोळ्यांनी बघा, मग द्या.

स्टॅम्प पेपरबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकाजवळ, कोर्टाच्या परिसरात नोटरी मिळतात, पाचशेच्या स्टॅम्पवर विक्री करार होतो, आणि लोक निर्धास्त होतात. करार जरूर करा, पैशांचा वाद झाला तर तो उपयोगी पडतो. पण नोटरीच्या शिक्क्याने आरसीवरचं नाव बदलत नाही.

पैसे

विसार घ्यायचा तर बँकेतूनच घ्या आणि व्यवहार मोडला तर तो परत द्यायचा की नाही हे मेसेजवर लिहून ठेवा. २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही, दंड घेतलेल्या रकमेएवढाच होऊ शकतो. आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. ‘एक लाख ऐंशी आज, बाकीचे उद्या’ अशी विभागणी करूनही सुटका नाही, व्यवहार एकच धरला जातो.

पैसे आले की नाही हे समोरच्याच्या मोबाईलवरच्या हिरव्या खुणेवरून ठरवू नका. स्वतःचं बँक ॲप उघडा, शिल्लक बघा. मोठी रक्कम आरटीजीएस किंवा एनईएफटीने घ्या. दोन्ही आता चोवीस तास चालतात. चेक असेल तर वटेपर्यंत थांबा. पैसे मिळवण्यासाठी पिन टाकायला किंवा क्यूआर कोड स्कॅन करायला सांगणारा माणूस खरेदीदार नसतो. विशेषतः ‘मी सैन्यात आहे, गाडी न बघताच घेतो’ म्हणणारा.

शक्य असेल तर ठरलेल्या रकमेवर दहा-पंधरा हजार वेगळी अनामत घ्या आणि नाव बदलल्यावर परत द्यायचं लेखी ठरवा. खरा खरेदीदार थोडा कुरकुरतो, पण देतो. आणि मग नावावर करायची घाई त्यालाच लागते.

गाडी देण्याचा दिवस

दसरा किंवा पाडवा जवळ आला की हमखास ऐकू येतं, “मुहूर्तावर गाडी न्यायचीय, कागद नंतर करू.” मुहूर्त चुकवू नका, कागद मुहूर्ताच्या आदल्या आठवड्यात करा. अर्ज भरला, फी भरली, पूर्ण रक्कम खात्यात आली, मग किल्ली.

किल्ली देताना ताबा पावती दोन प्रतींत लिहा. साध्या कागदावर चालते. मजकूर असा काहीसा:

“मी, …, राहणार नाशिक, माझी कार क्र. एमएच १५ …, चेसिस क्र. …, इंजिन क्र. …, श्री. …, राहणार …, यांना रु. … इतक्या किमतीस विकली असून पूर्ण रक्कम बँकेद्वारे मिळाली आहे (व्यवहार क्र. …). आज दि. … रोजी सायं. ५ वा. ४० मि. गाडीचा ताबा, दोन किल्ल्या, स्टेपनी, जॅक व मूळ आरसीसह दिला. ओडोमीटर … किमी. या वेळेपासून होणारा दंड, अपघात, गुन्हा व इतर जबाबदारी खरेदीदाराची राहील. खरेदीदार ३० दिवसांच्या आत गाडी स्वतःच्या नावावर करून घेईल.”

दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, त्यांचे मोबाईल नंबर. वेळ मिनिटासकट लिहायला लोक हसतात. पण त्याच संध्याकाळी साडेसहाला द्वारका चौकात गाडी कुणाला घासली, तर चालक कोण होता हे पोलिसांना सांगायचं कर्तव्य कायद्याने नोंदीतल्या मालकाचं आहे, आणि तेव्हा हा कागद तुमच्या वतीने बोलतो. अपघाताच्या भरपाईतून तो तुम्हाला पूर्ण सोडवत नाही, हेही लक्षात ठेवा. ती जबाबदारी नाव बदलल्यावरच सुटते. म्हणूनच विमा संपलेली गाडी ताब्यात देऊ नका, आणि विकली म्हणून विमा घाईने रद्दही करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो, त्याने १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून तो स्वतःच्या नावावर करून घ्यायचा असतो.

निघायच्या आधी गाडी, खरेदीदार आणि नंबर प्लेट एकत्र दिसेल असा फोटो घ्या. डिकी, डॅशबोर्डचा कप्पा, सनव्हायजर रिकामे करा. जुन्या सर्व्हिस बिलांवर तुमचा पत्ता आणि मोबाईल असतो. गाडीच्या ब्लूटूथमध्ये साठलेले फोन नंबर पुसा.

फास्टॅग काचेवरून खरवडून काढला म्हणजे बंद होत नाही. बँकेच्या ॲपवरून किंवा हेल्पलाइनवरून तो बंद करा, अनामत परत मागा. नाहीतर घोटी किंवा शिंदे टोलनाक्याचे पैसे तुमच्या खात्यातून जात राहतील. शिवाय एका गाडीला एकच फास्टॅग चालतो, तुमचा चालू असेपर्यंत नव्या मालकाचा निघायचा नाही.

खरेदीदार बाहेरचा असेल तर

तो मालेगावचा, म्हणजे एमएच ४१ चा, किंवा धुळे-जळगावचा असेल तर नंबर तोच राहतो, पण नोंद त्याच्या पत्त्याच्या आरटीओकडे जाते. नाशिकचं ना-हरकत पत्र लागेल का, हे अर्ज भरण्याआधीच त्या कार्यालयात विचारून घ्यायला त्याला सांगा.

पेठ-सुरगाण्याच्या पलीकडचा गुजरातचा खरेदीदार असेल तर मात्र फॉर्म २८ भरून नाशिक आरटीओचं ना-हरकत पत्र काढावंच लागतं. कळवण्याची मुदत इथे ४५ दिवसांची आहे. पुढे तिकडचा कर, नवा नंबर हे त्याचं काम. अडचण अशी की पत्र घेऊन गेलेला माणूस तिकडे नोंदणीच करत नाही आणि गाडी एमएच १५ वरच पळवतो. राज्याबाहेरच्या व्यवहारात अनामत जास्त ठेवा, ती सोडू नका.

गाडी गेल्यानंतर

दर आठवड्याला एमपरिवहनवर नंबर टाकून बघा. नाव पूर्ण दिसत नाही, काही अक्षरं झाकलेली असतात, पण बदललं की कळतं. त्या दिवशी स्क्रीनशॉट काढा.

महिना उलटला आणि नाव तेच असेल तर आधी फोन, मग लेखी मेसेज, मग त्याच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पत्र. त्याच वेळी फॉर्म २९ ची प्रत, ताबा पावती आणि त्याच्या आधारची प्रत जोडून पेठ रोडच्या कार्यालयात अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. दंडाची चलनं तुमच्या मोबाईलवर यायला लागली असतील तर जवळच्या पोलीस ठाण्यातही लेखी कळवा, तिथलीही पोच घ्या. भांडायला त्याच्या दारात जाण्यापेक्षा हे शिक्के जास्त कामाला येतात.

विम्याचा ‘नो क्लेम बोनस’, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीसोबत देऊन टाकू नका. तो गाडीचा नसतो, तुमचा असतो, आणि ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो. विक्रीचे कागद दाखवून विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं. नवी गाडी घ्याल तेव्हा विम्याचं कोटेशन निघण्याआधीच ते शोरूममध्ये दाखवा.